जर्मनटाऊनचा कागद, बुलढाण्याचं पुस्तक

१८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी पेटली आणि वर्षभरात तिची धग वऱ्हाडात जाणवू लागली. ही धग होती भावाची. अमेरिकेच्या दक्षिणेतली बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद पडला, आणि मुंबईचे दलाल खामगाव-अमरावतीच्या वाटेला लागले. आमच्या देऊळगाव राजाच्या शिवारातली जमीनही त्याच काळ्या पट्ट्यातली. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं. तेव्हा शेत इंग्रजी अमलातलं आणि पलीकडचा जालना मोगलाईतला, म्हणजे निजामाकडचा, अशी इथली गंमत. कापसाचा भाव कित्येक पट चढला, ज्याच्याकडे चार एकर कपाशी त्याच्या घरी चांदी आली. १८६५ ला तिकडे लढाई संपली आणि इकडे भाव धाडकन खाली आला. तरी व्यापार थांबला नाही. १८७० मध्ये जलंब ते खामगाव लोहमार्गाचा फाटा झाला तो कापसासाठीच. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात उतरले होते.

हा सगळा खेळ ज्याच्या जिवावर चालला होता तो माणूस मात्र वऱ्हाडी शेतकऱ्याला ठाऊक नव्हता. लँकेशायरला जाणारा अमेरिकी कापूस वेचत होते गुलाम. १८६० च्या खानेसुमारीत त्यांची संख्या चाळीस लाखांच्या घरात होती. त्यांची किंमत ठरायची, त्यांच्यावर कर्ज निघायचं, आणि आईपासून लेकरू तोडून दुसऱ्या गावी विकलं जायचं.

पुण्यातल्या एका माणसाला मात्र हे नीट ठाऊक होतं. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, हबशी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जी निरपेक्ष झीज सोसली तिच्याबद्दल. आपले देशबांधवही आपल्या शूद्र भावंडांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना हाच कित्ता गिरवतील अशी आशा त्यांनी तिथे बोलून दाखवली. मराठी पुस्तकाच्या पहिल्या पानावर परक्या देशाचे, कधी न भेटलेले लोक! ते कोण होते आणि काय म्हणत होते, हे पाहायचं तर १८७३ च्या मागे १८५ वर्षं जावं लागतं.

फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाऊन नावाची वस्ती होती. जर्मन आणि डच विणकर तिथे येऊन राहिले होते. धर्माने ते क्वेकर. हा पंथ पुरोहित मानत नाही, शपथ घेत नाही, कुणापुढे टोपी काढत नाही. प्रत्येकाच्या आत देवाचा उजेड असतो ही त्यांची मूळ श्रद्धा. १६८८ मध्ये फ्रान्सिस डॅनिएल पास्टोरिअस आणि त्याच्या तिघा सोबत्यांनी गुलामगिरीविरुद्धच्या एका अर्जावर सह्या केल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, दुसऱ्याने आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण दुसऱ्याशी वागावं, ही येशूची शिकवण. मग आपल्याला कुणी पळवून विकलेलं चालेल काय? युरोपात लोकांना धर्मासाठी छळतात, इथे काळ्या रंगासाठी, असाही टोमणा त्यात होता.

अर्ज गावच्या सभेने वाचला आणि विषय जड आहे म्हणून वरच्या सभेकडे धाडला. तिने आणखी वर. शेवटी वार्षिक सभेने निर्णय न देता तो बाजूला ठेवला. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही ही तऱ्हा ओळखीची वाटेल. कागद तिथेच राहिला आणि १८४४ पर्यंत त्याचा पत्ता नव्हता.

पुढचा माणूस बॉस्टनचा. सॅम्युएल स्यूअल हा न्यायाधीश. १६९२ मध्ये सेलमला चेटकिणी ठरवून बायाबापड्यांना फाशी दिलं, त्या न्यायासनावर हाही बसला होता. पाच वर्षांनी भर प्रार्थनासभेत तो उभा राहिला आणि पाद्र्याने त्याचा कबुलीजबाब सगळ्यांसमोर वाचून दाखवला. असं उभं राहणं ज्याला जमलं त्याच माणसाने १७०० मध्ये 'जोसेफची विक्री' ही तीन पानी पुस्तिका काढली. बायबलातल्या जोसेफला त्याच्या भावांनी मिसरकडे निघालेल्या व्यापाऱ्यांना विकलं होतं. स्यूअल विचारतो, भाऊ हा भावाच्या मालकीचा होता काय? आदमची लेकरं सगळी सारखीच वारस. माणूस पळवणाऱ्याला मोशेच्या कायद्यात मृत्युदंड सांगितला आहे, तो घोड्याच्या चोराला नाही. स्यूअल आजच्या अर्थाने समतावादी नव्हता. काळे लोक आपल्या समाजात कधी मिसळायचे नाहीत असं त्याने त्याच पुस्तिकेत लिहिलं आहे. पण विक्री पाप आहे यावर तो ठाम राहिला.

त्याला वर्षभरात उत्तर आलं. जॉन सॅफिन हाही न्यायाधीश, शिवाय व्यापारी. त्याच्याकडचा आदम नावाचा गुलाम ठरल्याप्रमाणे सुटका मागत होता आणि सॅफिन शब्द फिरवत होता. सॅफिनने लिहिलं की देवानेच जगात पायऱ्या घातल्या आहेत, कुणी राजा कुणी रयत, कुणी धनी कुणी दास. सगळे सारखे म्हणणं हे देवाच्या रचनेलाच आव्हान. शिवाय अब्राहामाकडे गुलाम होते ना? वाक्यं बॉस्टनची, पण पेशवाईतल्या एखाद्या शास्त्रीबोवांनी डोळे झाकून खाली सही केली असती. आदमने मात्र कोर्टात झगडून १७०३ मध्ये आपली सुटका करून घेतली.

तेव्हापासून हा वाद एकाच ग्रंथाच्या दोन पानांमध्ये अडकला. एक बाजू म्हणे सगळी बायबलातल्या आदमची लेकरं. दुसरी म्हणे नोहाने आपल्या मुलाच्या, हामच्या वंशाला दास होण्याचा शाप दिलाय, आणि काळे लोक हामचे. आपल्याकडे पुरुषसूक्तातल्या मुख-बाहू-मांडी-पायांनी जे काम केलं ते तिकडे हामच्या शापाने केलं.

वाद पुस्तकाबाहेर काढला तो बेंजामिन लेने. चार फुटांचा, पाठीला कुबड असलेला हा क्वेकर बार्बाडोसमध्ये दुकान चालवत असताना गुलामांचे हाल पाहून आला होता. १७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत तो मोठा डगला घालून गेला. सभेत गुलाम बाळगणारे कितीतरी श्रीमंत बसले होते. ले उठला, डगला फेकला. आत शिपायाचा पोशाख आणि तलवार. शस्त्राला शिवणंही वर्ज्य मानणाऱ्या पंथाच्या सभेत! हातात बायबलसारखा दिसणारा पोकळ केलेला ग्रंथ, त्यात रानफळांच्या लाल रसाने भरलेला फुगा. जे आपल्या भावाला गुलाम करतात त्यांचं रक्त देव असं सांडील, असं काहीसं म्हणत त्याने तलवार ग्रंथात खुपसली आणि पुढे बसलेल्यांच्या अंगावर लाल शिंतोडे उडाले. त्याला उचलून बाहेर टाकण्यात आलं. त्याचं गुलाममालकांवरचं जळजळीत पुस्तक आधीच बेंजामिन फ्रँकलिनच्या छापखान्यात छापलं गेलं होतं, मुद्रकाचं नाव न घालता. फ्रँकलिनला गिऱ्हाइकं सांभाळायची होती.

लेच्या अगदी उलट स्वभावाचा जॉन वुलमन. न्यू जर्सीत तो एका दुकानात कारकून होता. मालकाने एक दिवस सांगितलं, आपल्याकडची हबशी बाई विकलीय, खरेदीखत लिही. घेणारा गिऱ्हाईक समोर बसलेला, तोही म्हातारा सज्जन क्वेकर. वुलमनने खत लिहिलं, पण लिहून झाल्यावर मालक आणि गिऱ्हाईक दोघांच्या तोंडावर सांगितलं की ही प्रथा ख्रिस्ती धर्माला धरून नाही असं मला वाटतं. हात मात्र लिहिता झाला होता, आणि त्याची टोचणी त्याला आयुष्यभर राहिली. पुन्हा कुणी खत लिहायला सांगितलं तेव्हा तो नाही म्हणाला. पुढे गावोगाव फिरताना तो गुलाममालकांच्या घरी मुक्काम करी आणि निघताना ज्या गुलामांनी त्याची सेवा केली त्यांच्या हातावर मजुरी ठेवी. गुलामांच्या घामाची साखर त्याने सोडली, रंगवलेले कपडे सोडले. १७५४ मध्ये त्याचा निबंध छापून आला. १७५८ मध्ये त्याच वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना दूर सारायचा ठराव केला. ले तेव्हा मरणपंथाला होता. बातमी ऐकून त्याने आता सुखाने मरतो म्हटल्याची आठवण त्याच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. १७७६ मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला पंथातूनच काढायचं ठरलं आणि १७८० मध्ये पेनसिल्व्हेनियाने कायदा केला. कायदा भित्रा होता. त्यानंतर जन्मलेलं गुलामाचं मूलसुद्धा अठ्ठावीस वर्षं राबल्यावर मोकळं व्हायचं. पण सुरुवात झाली.

यापुढचं प्रकरण मोठं आहे, मी ते पळत्या पायांनी सांगतो. काळे लोक स्वतः लिहू लागले तेव्हा धर्माचा मुद्दा अधिक धारदार झाला. फिलिस व्हीटली ही बॉस्टनची गुलाम मुलगी कवयित्री म्हणून गाजली. १८२९ मध्ये डेव्हिड वॉकर या स्वतंत्र काळ्या लेखकाने न्यायी देव गप्प बसणार नाही असा इशाराच दिला. गुलामीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मचरित्राला पुरवणी जोडून सांगितलं की ख्रिस्ताचा धर्म वेगळा आणि या देशातल्या चाबूकवाल्यांचा धर्म वेगळा. आणि एक नाव पुढे लागणार आहे म्हणून इथेच सांगतो. सारा ग्रिमके. दक्षिणेतल्या गुलाममालक न्यायाधीशाची ही मुलगी घर सोडून फिलाडेल्फियाला आली, क्वेकर झाली, आणि धाकट्या बहिणीबरोबर गुलामगिरीविरुद्ध बोलू लागली. बायकांनी चव्हाट्यावर बोलू नये, असं मॅसॅच्युसेट्सच्या पाद्र्यांनी पत्रक काढलं. १८३८ मध्ये साराने स्त्रीपुरुष समतेवर पत्रांचं पुस्तक काढून उत्तर दिलं: देवाने दोघांना सारखं घडवलं, बायबलचे तर्जुमे आणि अर्थ पुरुषांनी केले, म्हणून बाई खाली गेली. गुलामाची बेडी तोडायला निघालेल्या बाईला वाटेत स्वतःच्या पायातली बेडी दिसली.

हे सगळं मराठी मुलखात आलं कसं? ज्या पाद्र्यांनी साराला गप्प बसायला सांगितलं त्यांच्याच पंथाच्या मंडळींनी ते आणलं, हा इतिहासातला विनोद. काँग्रेगेशनल चर्चांच्या पुढाकाराने १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था निघाली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ पासून अहमदनगरला ठाणं पडलं. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, पुढे नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. मुलींच्या शाळा हे त्यांचं काम. मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ पासून नगरला निघू लागलं.

बोर्ड स्वतः गुलामगिरीबाबत गुळमुळीत होता, हेही सांगायला हवं. गुलाममालकांच्या देणग्या घ्यायच्या की नाही, चेरोकी आणि चॉक्टॉ लोकांतल्या आपल्या चर्चांत गुलाममालक सभासद ठेवायचे की नाही, यावर तो वर्षानुवर्षं घोळ घालत राहिला. वैतागून १८४६ मध्ये गुलामगिरीच्या विरोधकांनी वेगळी संस्था काढली. नगरला मात्र मिशनने जातीचा प्रश्न पंक्तीतच सोडवायचा हट्ट धरला. बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मणाने आणि महाराने एकत्र जेवलं पाहिजे. माणूस दूरच्या अन्यायाबद्दल जास्त धीट असतो, याला मिशनरीही अपवाद नव्हते.

आणि आपल्याकडे गुलामगिरी हा शब्द नुसता उपमेचा नव्हता, हे आपण सोयीने विसरतो. पेशवाईत कुणबिणी होत्या. दुष्काळात विकलेल्या, लढाईत धरलेल्या, बदकर्माच्या आरोपावरून सरकारजमा केलेल्या बायका कोठ्यांत, पागांत, वाड्यांत राबायच्या. त्यांची खरेदी-विक्री व्हायची, नोंदी दप्तरात आहेत. १८४३ च्या पाचव्या कायद्याने हिंदुस्थानातल्या कोर्टांनी गुलामीचा हक्क मानणं बंद केलं, तेव्हा जोतीराव सोळा वर्षांचे होते.

जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४७ च्या सुमाराला त्यांनी सदाशिव बल्लाळ गोवंडे या ब्राह्मण मित्राबरोबर टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं. पेन हा इंग्रज, १७७४ मध्ये फिलाडेल्फियाला गेलेला. पुढे बायबलच्या दैवी उगमावर त्याने 'एज ऑफ रीझन' मध्ये सडकून हल्ला केला, तरी माणसांची समता सिद्ध करताना 'राइट्स ऑफ मॅन' मध्ये त्याला उत्पत्तीची कथाच कामाला आली. निर्मितीपर्यंत मागे जा, तिथे स्त्री आणि पुरुष एवढाच भेद सापडतो, उच्चनीच सापडत नाही, हा त्याचा मुद्दा. जोतीरावांच्या मनात हे खोल रुजलं. नगरला गोवंड्यांबरोबर जाऊन त्यांनी मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली.

या शाळांमधून जे बाहेर पडलं त्याचा एक पुरावा १८५५ च्या 'ज्ञानोदय' मध्ये आहे. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध दोन हप्त्यांत, फेब्रुवारी आणि मार्चमध्ये, छापून आला. विषय महारामांगांचं दुःख. ती लिहिते की ब्राह्मण म्हणतात वेद आमचेच, मग आम्हाला धर्मपुस्तक नाही हे उघड झालं. तेव्हा देवा, तुझ्याकडून आलेला आमचा धर्म कोणता ते तरी कळव. ज्या धर्मात एकानेच सगळं भोगायचं आणि बाकीच्यांनी तोंडाकडे पाहायचं तो धर्म पृथ्वीवरून जावो, असंही ती मागते. बाजीरावाच्या काळात तालमीपुढून गेलेल्या महारामांगाचं डोकं उडवून त्याचा चेंडू करीत, हे तिने घरी ऐकलेलं आहे, आणि ते ती ओळीत बसवते. स्यूअलपाशी ग्रंथ होता, त्यातून तो न्याय काढत होता. या मुलीपाशी ग्रंथच नव्हता. तिने थेट देवाला जाब विचारला. माझ्या मते या साऱ्या वाङ्मयात याहून सरळ युक्तिवाद कुणी केलेला नाही.

आपल्याकडे ग्रंथातून जात खोडणारी परंपरा नव्हती असंही नाही. 'वज्रसूची' त जातीच्या जन्मसिद्धतेवर संस्कृतातच घाव आहेत, आणि तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी ती मराठीत आणली होती. तुकाराम तात्या पडवळांनी १८६१ मध्ये 'जातिभेद विवेकसार' लिहिलं ते या परंपरेला जोडूनच. १८६५ ची दुसरी आवृत्ती जोतीरावांनी काढली. म्हणजे अमेरिकेचं बी पडलं ते नांगरलेल्या जमिनीत.

मग १८७३. 'गुलामगिरी' संवादात आहे, प्रश्न विचारणारा धोंडीबा आणि उत्तर देणारे जोतीराव. सुरुवातीलाच जोतीराव ब्रह्मदेवाच्या देहाला हात घालतात. ब्राह्मण मुखातून, क्षत्रिय बाहूंतून, असे चार वर्ण चार ठिकाणांतून जन्मले असतील तर ब्रह्मदेवाला चारही ठिकाणी विटाळ होत असणार, आणि चार-चार दिवसांप्रमाणे बिचारा महिन्यातले सोळा दिवस बाजूलाच बसत असणार, अशी ते खिल्ली उडवतात. आणि इंग्रज, जर्मन वगैरेंत ब्राह्मण का सापडत नाहीत? सोवळ्या वाचकाला हे अश्लील वाटलं. पण विटाळाच्या नियमाने ज्यांना दूर बसवलं त्यांनी तो नियम देवाला लावून पाहिला, एवढंच त्यात आहे. पुढे मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम या अवतारांचा अर्थ ते आर्यांच्या स्वाऱ्या म्हणून लावतात, आणि वामनाने पाताळात घातलेला बळी हा त्यांचा नायक. दिवाळीत इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो, असं आमच्या बाया ओवाळताना आजही म्हणतात. जोतीरावांनी तो बळी उचलून इतिहासात बसवला. इतिहास म्हणून यातलं बरंच टिकत नाही. पण हामचा शाप उलटवायला अमेरिकेतल्यांना बायबलच घ्यावं लागलं, तर जोतीरावांनी पुराणं घेतली, त्यांच्यातला खलनायक नायक केला आणि मग पुराणंच फेकून दिली. उरला तो निर्मीक, सगळ्यांना सारखं घडवणारा, ज्याला दलाल लागत नाही. वुलमनचा धर्म त्याच्या ग्रंथात होता. जोतीरावांना तो नव्याने लिहावा लागला. १८८८ मध्ये अर्धांगवायूने उजवा हात गेला तरी डाव्या हाताने ते 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहीत राहिले. ते पुस्तक निघालं १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

'गुलामगिरी' च्या प्रस्तावनेत गुलामांच्या हालाचं वर्णन आहे, माणसं पळवणं, कुटुंबं फोडणं. आणि या दुःखाची खूण आपल्या शूद्रातिशूद्रांनाच पटेल, असं ते म्हणतात. अर्पणपत्रिकेत मात्र ते थोडे उदार झाले असं वाटतं. मुक्तीनंतर दक्षिणेत काळ्यांची घरं जाळली जात होती, आणि १८७७ मध्ये उत्तरेने त्यांना वाऱ्यावर सोडलं. पहिली गोष्ट जोतीरावांच्या पुस्तकात नाही, दुसरी तर पुस्तकानंतरची. पण ज्याला आपल्या घरात उदाहरण मिळत नाही तो दूरचं उदाहरण थोडं उजळून घेतो.

'गुलामगिरी' निघालं त्याच वर्षी, १८७३ मध्ये, २४ सप्टेंबरला पुण्यात जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, देऊळगाव राजापासून दहा कोसांच्या आतबाहेर असलेल्या जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्री न्यूयॉर्कला एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेत बोलत होते. मूळचे ब्राह्मण, १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले. जालन्याजवळ त्यांनी महारामांगांसाठी बेथेल नावाची वसाहत उभारली. म्हणजे पुण्याहून पुस्तक अमेरिकेला उद्देशून निघालं आणि आमच्या शेजारचा माणूस तिथे प्रत्यक्ष जाऊन पोचला. दोघांना एकमेकांचे मार्ग फारसे पटले नसते.

सत्यशोधकांचं वारं बुलढाण्याला पोचलं होतं. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतले मुख्य कारकून बापूजी हरी शिंदे हे समाजाचे सभासद. त्यांना चार मुलगे आणि एक मुलगी, ताराबाई. बापूजींनी तिला मराठी, संस्कृत आणि थोडं इंग्रजी शिकवलं, लग्न करून घरजावई आणला. ही मुभा असूनही घर मराठ्याचं होतं. जाधवांचं सिंदखेड, त्यांच्याच घराण्याचं आमचं देऊळगाव, हा सगळा मुलूख कुळीचा मान मोठा मानणारा, आणि तो मान बायकांच्या पडद्यावर उभा. आपण मराठमोळ्याच्या घरात कोंडलेली बाई आहोत, असं ताराबाईंनी स्वतःच प्रस्तावनेत नोंदवलं आहे.

१८८१ मध्ये सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली, पण वर्तमानपत्रांना विषय मिळाला. बायका कशा बिघडल्या यावर रकाने भरले, 'पुणेवैभव' त्यात पुढे. विधवेला पुनर्विवाहाची बंदी कुणी घातली आणि मुलाचा बाप कोण, हे कुणी विचारीना. असल्याच एका खटल्यानंतर १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. बुलढाण्याच्या बाईने पुस्तक लिहिलं.

'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये पुण्यातल्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यातला युक्तिवाद सारा ग्रिमकेच्या वळणाचा आहे, आणि ताराबाईंनी सारा वाचली असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. ज्या देवाने ही सृष्टी निर्माण केली त्यानेच स्त्री आणि पुरुष दोघं निर्माण केले, मग दुर्गुण फक्त स्त्रीच्या अंगी कसे आले, इथून त्या सुरू करतात. एक जुना संस्कृत श्लोक आहे, बाई म्हणजे संशयाचा भोवरा, अविनयाचं घर, साहसांचं नगर अशी शिव्यांची माळ. ताराबाई ती माळ मणी-मणी उलगडतात आणि प्रत्येक मणी पुरुषाच्या गळ्यात घालतात. नवरा देव असेल तर त्याने देवासारखं वागायला नको काय? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेली. बायकोसाठी त्या वाटेला लागलेला कुणी नवरा पुराणात दाखवा. पुरुषांनी साहेबाचे बूट-पाटलोण उचलले, खाणंपिणं बदललं, तेव्हा धर्म बुडाला नाही, तो नेमका विधवेच्या केसांपाशी येऊन बुडतो.

भाषा घरातली आहे, चुलीजवळची. वाक्यं लांब पळतात, मध्येच टोमणा मारतात, पुन्हा पळतात. वाचताना समोर कुणी पुरुष उभा आहे आणि बाई पदर खोचून त्याला बोलते आहे असं वाटतं. आणि सुधारक सुटत नाहीत. सभा भरवता, भाषणं ठोकता, पण पुढे होऊन काही करत नाही, हा रोख सत्यशोधकांच्या अंगणापर्यंत जातो. जोतीरावांनी ब्राह्मणाच्या शास्त्राला जे विचारलं ते तिने पुरुषाच्या शास्त्राला विचारलं, आणि त्यात जात पाहिली नाही.

म्हणूनच ते सत्यशोधकांतल्याही काहींना झोंबलं. पुस्तकाची टवाळी झाली. १८८५ मध्ये जोतीरावांनी आपल्या 'सत्सार' या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच माणसांना फटकारलं. मोठ्या माणसाचा मोठेपणा इथे दिसतो. पण बुलढाण्याहून दुसरं पुस्तक आलं नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथल्या लोकस्थितीवर त्यांनी १८८९ मध्ये मराठीत ग्रंथ लिहिला आणि त्यात गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या अमेरिकन बायकांची ओळख मराठी वाचकांना करून दिली. ताराबाईंचं नाव तोवर मागे पडलं होतं.

जर्मनटाऊनचा कागद १५६ वर्षांनी सापडला, तेव्हा अमेरिकेत गुलामगिरी चालूच होती आणि तो लढ्यात कामाला आला. ताराबाईंच्या पुस्तकाला ९३ वर्षं लागली. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापून काढलं. लहान आहे, एका बैठकीत वाचून होतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या किती ग्रंथालयांत ते आहे, हे ज्याने त्याने आपल्या गावी जाऊन पाहावं.